मिठागरांच्या शहरातले हवामान-धोरण

२०१९मध्ये वरळीतून निवडून आलेले आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री झाले आणि २०२०मध्ये खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आला. नुसती पाटी बदलली, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ऑक्टोबर २०२०च्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने मीरा-भाईंदरसारख्या शहरांना पंचतत्त्वांवर गुण देऊन पर्यावरण पालिकेच्या दप्तरात आणले. तरी भाईंदरच्या मिठागरांना, उत्तनच्या किनाऱ्याला गुणपत्रिकेपेक्षा कायद्याचा आधार हवा होता. खारफुटीच्या तोडीवरची २००५ची बंदीही उच्च न्यायालयाने घातली, कुठल्या मंत्र्याने नव्हे!

अडीच वर्षांत काय होणार, असे समर्थक विचारतील. रास्तच, जून २०२२मध्ये त्यांचे सरकार गेले. पुढे मेट्रो-९च्या कारशेडसाठी भाईंदरजवळच्या डोंगरीची झाडे वादात सापडली. ठाकरेंनी दिशा दिली, कायदा दिला नाही.