धुराची खातेवही

वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना आपण वर्गात एक सोपा प्रयोग करतो. शंकुपात्रात सोडियम सल्फेटचे द्रावण घ्यायचे, दोऱ्याने टांगलेल्या लहान नळीत बेरियम क्लोराइड ठेवायचे, बूच लावून पात्र तिरके करायचे. पांढरा साका तयार होतो, पण पात्राचे वजन पहिल्याइतकेच भरते. या प्रयोगात बूच घट्ट बसवण्याची सूचना आपण मुलांना आवर्जून देतो. कारखाना हेही एक पात्रच आहे, फक्त त्याला बूच नसते. दरवाज्यातून कच्चा माल आत येतो, दुसऱ्या दरवाज्याने पक्का माल बाहेर जातो आणि उरलेला भाग चिमणीतून, गटारातून किंवा पिंपात भरून निघून जातो. नियम येथेही तोच लागू आहे. आत आले तेवढे कुठे ना कुठे गेलेच पाहिजे.

असे असूनही उद्योगांनी या तिसऱ्या वाटेचा हिशेब फार उशिरा मांडला. दुकानदाराच्या वहीत घट-तुटीचा रकाना असतो. धान्यात उंदीर किती, ओलावा किती, हे तो अंदाजाने का होईना लिहून ठेवतो. रासायनिक कारखान्यातही ही घट पैशांच्या रूपात नोंदलेली असे, परंतु अमुक रसायन इतके किलो हवेत गेले असे कोणी लिहीत नसे. आकडे नव्हते असे नाही. खरेदी खात्याकडे बिले होती, गुदामाकडे साठ्याची नोंद होती, सांडपाण्याच्या तपासण्या प्रयोगशाळेच्या वहीत होत्या आणि टाकाऊ पिंपे नेणाऱ्या ट्रकच्या पावत्या आणखी चौथ्याच टेबलावर. ही चार कागदपत्रे एकत्र बसवून वजाबाकी करण्याचे कारण कोणाला पडले नव्हते.

काही अपवाद होते. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने १९७५ मध्ये जोसेफ लिंग या अभियंत्याच्या पुढाकाराने एक योजना सुरू केली. प्रदूषण झाल्यावर निस्तरण्यापेक्षा ते मुळात होऊ न देणे स्वस्त पडते, असे तिचे सूत्र होते आणि वाचलेला पैसा ती मोजून दाखवत असे. स्वित्झर्लंडमध्ये रुएदी म्युलर-वेंक यांनी १९७८ मध्ये ‘पर्यावरणीय हिशेबशास्त्रा’वर पुस्तकच लिहिले. रुपया-पैशांप्रमाणे वीज, पाणी, धूर, कचरा यांचीही खाती ठेवावीत, ही त्यांची कल्पना. पण कल्पना चांगली असली म्हणून सगळे कारखाने वही उघडत नाहीत. ती उघडायला लावणारी घटना आपल्या देशात घडली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट सुटले. हजारो माणसे मेली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एकच गोष्ट लक्षात घ्यायची आहे. हमीदिया रुग्णालयात रांगा लागल्या तेव्हा डॉक्टरांना हा वायू कोणता, शरीरात तो काय करतो आणि त्यावर उतारा काय, हे माहीत नव्हते. सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. कारखान्याच्या भिंतीच्या आत जे ज्ञान होते ते भिंतीबाहेर राहणाऱ्यांना कधी सांगितलेच गेले नव्हते.

अमेरिकेत याच कंपनीचा पश्चिम व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट नावाच्या गावी कारखाना होता आणि तेथेही हेच रसायन बनत असे. ‘आमच्याकडे असे होणार नाही’ हे आश्वासन तेथील लोकांना मिळाले. ११ ऑगस्ट १९८५ रोजी त्या कारखान्यातून ॲल्डिकार्ब ऑक्झाइम या दुसऱ्या विषारी रसायनाची गळती झाली आणि शंभरहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. मृत्यू कोणाचा झाला नाही. पण भोपाळ दूर आहे ही समजूत संपली. १७ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या नावातच ‘जनतेचा माहितीचा अधिकार’ हे शब्द होते.

या कायद्याने दोन वेगवेगळ्या वह्या उघडल्या. पहिली साठ्याची. आवारात कोणते घातक रसायन किती ठेवले आहे, हे कारखान्याने स्थानिक अग्निशमन दलाला आणि आपत्ती समितीला कळवायचे. भोपाळचा खरा धडा या वहीत आहे, कारण तेथे संकट टाकीत साठलेल्या मालाचे होते. दुसरी वही रोजच्या गळतीची. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या उत्पादक कारखान्याने यादीतील प्रत्येक रसायनाबद्दल दरवर्षी ‘फॉर्म आर’ भरायचा आणि हवेत किती, पाण्यात किती, जमिनीत किती सोडले ते आकड्यात लिहायचे. यादीत सुरुवातीला तीनशेहून थोडी अधिक रसायने होती. वर्षाला २५ हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे ११ टनांहून अधिक माल बनवणारा किंवा प्रक्रिया करणारा कारखाना या कक्षेत येई. पहिली दोन वर्षे ही मर्यादा अधिक सैल ठेवली होती. फॉर्म न भरल्यास दिवसाला २५ हजार डॉलरपर्यंत दंड होता.

कायद्याने किती प्रदूषण करावे याची मर्यादा या कलमात घातलेली नव्हती. सोडा, पण लिहा, एवढेच म्हटले होते. शिवाय ही माहिती सरकारी कपाटात न ठेवता संगणकावर साठवून दूरसंचार मार्गाने कोणालाही मिळाली पाहिजे, असे बंधन होते. १९८६ साली ही अट किती पुढची होती हे आजच्या विद्यार्थ्यांना जाणवणार नाही. तेव्हा जागतिक माहितीजाल जन्मायचे होते, लोक टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून माहिती मागवत.

पहिले फॉर्म १ जुलै १९८८ पर्यंत द्यायचे होते. आता कारखान्यातल्या त्या चार टेबलांवरचे कागद एकत्र आणणे भाग पडले. हे काम कसे चालते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका रंगाच्या कारखान्यात वर्षाच्या आरंभी ५ टन टोल्युइन शिल्लक होते, वर्षात १०० टन विकत घेतले आणि अखेरीस ३ टन उरले. म्हणजे १०२ टन खपले. त्यातले ९० टन रंगाच्या डब्यांतून ग्राहकाकडे गेले, ६ टन टाकाऊ पिंपांतून आणि अर्धा टन सांडपाण्यातून. राहिले साडेपाच टन. ते हवेत गेले असे मानायचे, कारण दुसरी वाट उरलेली नाही.

पद्धत सुरेख आहे, पण तिच्यात एक खोच आहे आणि ती विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. डब्यांतील टोल्युइन मोजताना केवळ दोन टक्के चूक झाली, तर ती १.८ टनांची होते. म्हणजे हवेच्या आकड्यात जवळजवळ एक तृतीयांश फरक! दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढताना लहानशी चूकही अशी फुगते. म्हणून जेथे जमते तेथे चिमणीत प्रत्यक्ष मापन करतात, काही ठिकाणी झडपा आणि पंप मोजून प्रत्येकी ठराविक गळती धरतात, तर काही ठिकाणी टाकीतील बाष्पीभवन सूत्राने काढतात. कायद्याने नवी मापने सक्तीची केली नव्हती, हाताशी असलेल्या माहितीवरून वाजवी अंदाज चालत असे. त्यामुळे अंदाजाची रीत बदलली की धूर तेवढाच राहूनही कागदावरचा आकडा उतरू शके. टीकाकारांनी अशा घटीला ‘कागदी घट’ म्हटले, ते रास्तच होते.

तरीही परिणाम झाला, आणि तो मुख्यतः कंपन्यांच्या आतच आधी झाला. अनेक व्यवस्थापकांनी आपल्याच कारखान्याची बेरीज प्रथमच पाहिली. मोन्सॅन्टोचे प्रमुख रिचर्ड महोनी यांनी १९८८ मध्येच, हवेत जाणारी विषारी रसायने १९९२ अखेरपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करू, असे जाहीर केले. कोणत्याही अधिकाऱ्याने त्यांना तसा हुकूम दिला नव्हता. १९८९ मध्ये देशभरचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा वृत्तपत्रांनी आपापल्या भागातील ‘पहिल्या दहां’च्या याद्या छापल्या. जेम्स हॅमिल्टन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आकडे जाहीर झाले त्या दिवशी यादीतील कंपन्यांच्या समभागांचे मूल्य सरासरी सुमारे ४१ लाख डॉलरने घसरले. गुंतवणूकदारांना धुराचे वाईट वाटले असे समजण्याचे कारण नाही. वाया गेलेला माल आणि पुढे येणारे खटले त्यांना दिसले. १९९१ मध्ये सरकारने १७ रसायनांसाठी स्वेच्छेची योजना काढली. १९८८ च्या तुलनेत १९९२ पर्यंत ३३ टक्के आणि १९९५ पर्यंत ५० टक्के घट, असे तिचे लक्ष्य होते. सुमारे तेराशे कंपन्या सामील झाल्या आणि लक्ष्य एक वर्ष आधीच गाठले गेले.

आकडे वाचायलाही शिकावे लागते, हे पहिल्याच वर्षी दिसले. वजनाच्या यादीत सर्वांत वर कोण होते? आपल्या प्रयोगातले सोडियम सल्फेट! ते फारसे विषारी नाही, पण यादीत असल्यामुळे त्याच्या वजनाने बाकी सगळ्यांना झाकून टाकले. १९८९ मध्ये ते यादीतून काढले. किलोची बेरीज करताना मीठवजा पदार्थाचा एक किलो आणि पाऱ्याचा एक किलो सारखेच धरले जातात, हा या वहीचा मोठा दोष राहिला. दुसरा दोष वहीबाहेर राहिलेल्यांचा. खाणी आणि वीज केंद्रे सुरुवातीला कक्षेतच नव्हती. १९९८ च्या वर्षापासून त्यांना फॉर्म भरावा लागला आणि एकट्या धातूच्या खाणींचा वाटा एकदम जवळपास निम्मा निघाला. त्यांतला बराचसा भाग उपसलेल्या दगडमातीतील धातूंचा, हे खरे. पण तोपर्यंत देशाचे चित्र त्यांच्यावाचूनच रंगवले जात होते.

एकदा दरवर्षी फॉर्म भरायचाच आहे म्हटल्यावर हाताने जुळवाजुळव करणे परवडेना. १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी खरेदी, साठा, प्रयोगशाळा आणि कचरा-वाहतूक यांच्या नोंदी एका संगणकप्रणालीत जोडायला घेतल्या. गुदामातून पिंप निघाले की त्यातील रसायनाचा हिशेब आपोआप लागावा, मर्यादा ओलांडली की इशारा यावा, असा तिचा हेतू. जर्मनीत तर कारखान्यांच्या पर्यावरण-माहितीप्रणाली ही संगणकशास्त्राची एक शाखाच झाली. ब्रिटनचे १९९२ चे मानक, युरोपची १९९३ ची योजना आणि १९९६ चे आयएसओ १४००१ यांनी अशा नोंदींना व्यवस्थापनाची चौकट दिली. मात्र आयएसओ १४००१ चे प्रमाणपत्र पद्धत ठीक असल्याचे सांगते, धूर किती हे नव्हे. कारखान्याच्या फाटकावर लावलेला तो फलक वाचताना हा फरक विसरू नये.

ज्या देशातील दुर्घटनेने हे सारे घडवले, त्या भारतात काय झाले? १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठ्याचे नियम आले. १९९२ च्या अधिसूचनेने कारखान्यांना वार्षिक पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल देणे भाग पाडले, पुढच्याच वर्षी त्याचे नाव ‘पर्यावरण निवेदन’ असे सौम्य झाले. त्याचा ‘फॉर्म ५’ मात्र मुळीच वाईट नाही. उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे पाणी आणि कच्चा माल किती लागला हे तो विचारतो, घातक कचरा विचारतो, आणि प्रदूषण रोखल्याने उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला हेही विचारतो. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये मालाच्या वापराचा असा हिशेब नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने तो १९८९ च्या स्वतंत्र कायद्याने मागितला.

फरक फॉर्म भरल्यानंतर पडला. आपली निवेदने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली आणि तेथेच राहिली. रसायनवार, कारखानावार जोडलेली आणि कोणालाही पाहता येईल अशी राष्ट्रीय नोंदवही त्यांतून झाली नाही. कॅनडाने ती १९९३ पासून सुरू केली, जपानने १९९९ मध्ये कायदा केला. इंडोनेशियाने १९९५ पासून कारखान्यांना सोनेरी ते काळा असे पाच रंग जाहीरपणे दिले. महाराष्ट्राच्या मंडळाने जून २०१७ मध्ये चिमणीतील धूलिकणांच्या मोजमापावरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली, ती या वाटेवरची. शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून ऊर्जा, पाणी, कचरा आणि उत्सर्जन यांचा अहवाल सक्तीचा केला. पण त्यात आकडा येतो तो सबंध कंपनीचा. तिचे पाच राज्यांत बारा कारखाने असतील, तर आपल्या शाळेमागच्या चिमणीचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी त्या एका कारखान्याचा ‘फॉर्म ५’ लागतो. पर्यावरण मंजुरीच्या अटीमुळे काही कंपन्या तो आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. बाकीच्यांचा मिळवायचा तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करता येतो.