फ्रेझीन: एका नावाची तडजोड

आपण बाळाचं नाव ठेवतो आणि लोकांना नावंही ठेवतो. फ्रान्सच्या कायद्याला या दुसऱ्या ‘नावां’चीच काळजी. १८०३च्या कायद्याने नाव कॅलेंडरातलं किंवा प्राचीन इतिहासातलंच हवं होतं. १९९३मध्ये आईवडिलांना मोकळीक मिळाली; पण नाव बाळाच्या हिताचं नाही असं नोंदणी अधिकाऱ्याला वाटलं, तर प्रकरण सरकारी वकिलामार्फत न्यायाधीशापुढे जाऊ शकतं.

उत्तर फ्रान्समधल्या व्हालॉन्सिएनच्या न्यायालयाने एका मुलीचं ‘फ्रेझ’, म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नाव असंच नाकारलं. ‘रामेन ता फ्रेझ’ हा नको तिथे नाक खुपसणाऱ्याबद्दलचा बोलीतला वाक्प्रचार. शाळेत मुलं चिडवणारच. आईवडिलांनी मग एकोणिसाव्या शतकातलं विस्मरणात गेलेलं ‘फ्रेझीन’ निवडलं. फळ राहिलं, टोमणा गळाला.