वजनांवरून सूत्र कसे काढतात?

वाहनांच्या धुरामुळे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील हवेत मिसळणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि इस्रोच्या अग्निबाणांना लागणारा डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड यांचे रासायनिक पृथक्करण केल्यास आकडे सारखेच येतात. शंभर ग्रॅम पदार्थात नायट्रोजन ३०.४ ग्रॅम, ऑक्सिजन ६९.६ ग्रॅम. तरीही हे दोन पदार्थ एक नव्हेत. वजनांचे आकडे काय सांगतात आणि कोठे थांबतात, हे या जोडीवरून स्पष्ट होते.

साधे सूत्र म्हणजे काय?

संयुगातील अणूंचे लहानात लहान पूर्णांकी गुणोत्तर दाखवणारे सूत्र म्हणजे साधे सूत्र. अकरावीच्या विद्यार्थ्यांना ते ‘एम्पिरिकल फॉर्म्युला’ या नावाने परिचित असते. शुद्ध संयुगात मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण ठरलेले असते, हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्ट यांचा नियम त्याचा पाया होय.

गणिताची रीत

प्रथम प्रत्येक मूलद्रव्याच्या वजनाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागावे. नायट्रोजनसाठी ३०.४ भागिले १४, म्हणजे २.१७ मोल, ऑक्सिजनसाठी ६९.६ भागिले १६, म्हणजे ४.३५ मोल. नंतर दोन्ही संख्यांना त्यांतील लहान संख्येने भागावे. गुणोत्तर १:२ येते आणि साधे सूत्र ‘एनओ२’ ठरते.

विद्यार्थ्यांची चूक होते ती अपूर्णांकापाशी. दुसऱ्या एका ऑक्साइडमध्ये नायट्रोजन ३६.८ टक्के व ऑक्सिजन ६३.२ टक्के असतो. त्याचे गुणोत्तर १:१.५ येते. दीडचे दोन केले, तर वेगळ्याच पदार्थाचे सूत्र हाती लागते. येथे दोन्ही संख्यांना दोनने गुणावे. योग्य सूत्र ‘एन२ओ३’ मिळते.

पुढची पायरी

रेणूत प्रत्यक्ष किती अणू आहेत, हे साधे सूत्र सांगत नाही. त्यासाठी रेणुवस्तुमान स्वतंत्रपणे मोजावे लागते. ‘एनओ२’चे सूत्रवस्तुमान ४६. नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणुवस्तुमानही ४६ असल्याने त्याचे रेणुसूत्र तेच राहते. टेट्रॉक्साइडचे मात्र ९२, म्हणजे दुप्पट. म्हणून त्याचे रेणुसूत्र ‘एन२ओ४’. पहिला तपकिरी वायू, दुसरा रंगहीन. तापमान बदलले की एकाचे रूपांतर दुसऱ्यात होते.

हा भेद केवळ कागदावरचा नाही. ४० टक्के कार्बन, ६.७ टक्के हायड्रोजन आणि ५३.३ टक्के ऑक्सिजन हे प्रमाण ग्लुकोज, व्हिनेगरमधील अॅसेटिक आम्ल आणि विषारी फॉर्मल्डिहाइड या तिन्हींत समान आहे. त्यांची रेणुवस्तुमाने अनुक्रमे १८०, ६० आणि ३० आहेत. वजनी प्रमाण एकच. पण एक अन्न आहे आणि एक विष.

रसायनीचा कारखाना

टेट्रॉक्साइडचा नवी मुंबईशी शेजारसंबंध आहे. पनवेलजवळील रसायनी येथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा वगळून, सुमारे २० एकर जमिनीसह इस्रोकडे सोपवण्याचे ठरले. या ऑक्सिडीकारकाचा देशातील तो एकमेव स्रोत असल्याचे सरकारने तेव्हा सांगितले होते. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातील विकास इंजिनात तो वापरला जातो. हायड्रॅझिनवर्गीय इंधनाशी संपर्क येताच, ठिणगीविना ज्वलन सुरू होते.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी मात्र देशात कमाल मर्यादा आखलेली आहे. २००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेत त्याची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ८० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी.