बोथट जाते आणि टकाऱ्याची टाकी

'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असते. ओवीच्या उगमाविषयी वर्गात बोलताना आम्ही अध्यापकही तिचा आधार घेतो. मात्र ज्या जात्यावर बसायचे ते नीट दळते आहे की नाही, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. जाते वापराने बोथट होते आणि त्याला पुन्हा टाकी लावावी लागते. ती केव्हा लावायची हे कोणी ओळखायचे आणि प्रत्यक्ष लावायची कोणी, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत मराठी मुलखाच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित पान आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडची जाती बहुधा काळ्या पाषाणाची. दाणा दळला जातो तो केवळ दगडाच्या वजनाने नव्हे. खालच्या आणि वरच्या तळीवर टाकीने पाडलेल्या बारीक टोच्यांच्या धारांत तो कापला व भरडला जातो. रोजच्या घर्षणाने या धारा झिजतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि दाणा कापला जाण्याऐवजी चेपला जाऊ लागतो. आज कॉफीच्या बिया दळणाऱ्या यंत्रांतील पोलादी दात्यांचेही हेच होते: दाते झिजले की भुकटी कुठे जाड, कुठे अतिबारीक पडते आणि पेयाची चव बिघडते. यंत्राचा निर्माता किती किलो दळणानंतर दाते बदलावेत याचा अंदाज देऊ शकतो. जात्याच्या बाबतीत असा आकडा कोणी लिहून ठेवला नव्हता.

तो अंदाज दळणारीच्या अंगी मुरलेला असे. खुंटा नेहमीपेक्षा हलका फिरू लागला, घरघर बदलली, तेवढ्याच पायलीला अधिक वेळ लागू लागला, पिठात कणी राहू लागली, की जाते बोथटले हे तिला कळे. अखेरची साक्ष भाकरीची. भरड पिठाला पुरेशी विरी नसते. थापताना काठाला चिरा पडतात आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत मोडते. हे ज्ञान हाताचे, कानाचे आणि चुलीपुढचे होते. त्याला ग्रंथ नव्हता आणि त्याची परीक्षाही रोजच्या ताटात होत असे.

मात्र ओळखणारी एक आणि दुरुस्त करणारा दुसरा, अशी या कामाची वाटणी होती. टाकी लावणारा टकारी गावोगाव फिरे, हाक देई आणि बोलावणे आले की अंगणात किंवा ओसरीवर बसून तळ्या उलगडी. छिन्नी-हातोडीने त्यांवर नवे टोचे पाडणे हे वरकरणी साधे काम. पण टोचे फार खोल गेले तर पीठ जाड पडते, उथळ राहिले तर थोड्याच दिवसांत पुन्हा तीच तक्रार येते. टाकी लावल्यानंतर पहिल्या दळणात दगडाची कच उतरते, म्हणून आधी कोंडा किंवा हलके धान्य दळून जाते साफ करावे लागे. टकारी हे नावच या कामावरून पडले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात वऱ्हाडातील टाकणकर अथवा टकारी यांची नोंद जाती टाकविणारे लोक अशीच आहे.

येथपर्यंतची हकिगत एका कारागिरीची आहे. पुढची राज्यसंस्थेची आहे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची वाट मोकळी झाली. फिरता व्यवसाय हाच संशयाचा पुरावा ठरू लागला. जाती टाकविण्याच्या निमित्ताने हे लोक घरे हेरतात, अशी समजूत प्रशासनात रुजली. एकाच भेटीच्या अशा दोन नोंदी झाल्या: घरातल्या बाईच्या लेखी ती निकड होती, सरकारच्या लेखी ती टेहळणी. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये काही जमातींवरील हजेरीची सक्ती रद्द केली; देशभरातला कायदा जायला मात्र १९५२ साल उजाडावे लागले. तरीही विमुक्त जातींच्या शासकीय यादीत टकारी, पाथरुट, गिरणी वड्डर आणि उचले ही नावे ज्या शीर्षाखाली येतात, तो शब्द आहे 'भामटा'. मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

दरम्यान जातेच मागे पडले. आमच्या कबनूरच्या शेजारी, इचलकरंजीत, १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे या सबंध परिसराचा आवाज बदलला. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा बायांची पहाट मोकळी झाली; त्या कष्टांविषयी हळहळण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. गिरणीच्या दगडांनाही टाकी मारावीच लागते. पण ती केव्हा मारायची हे आता गिरणीवाला ठरवितो. पीठ जाड आले तर गिऱ्हाईक फार तर तक्रार करते. ओळखण्याचे ज्ञान घरातून गेले आणि टकाऱ्याच्या हातचे घरोघरचे कामही गेले. लग्नघरी आज जे जाते सजवून पुजले जाते, त्यावर मूठभर हळद दळतात. ते बोथट आहे की कसे, याची चौकशी कोणी करीत नाही.

या विषयाचे साहित्यिक पुरावे आपल्यापाशी आहेत. केवळ ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्या आपण लोकसाहित्य म्हणून शिकवितो. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, १९८८ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; ते आपण दलित-भटक्यांचे आत्मकथन म्हणून शिकवितो. दोन्हींच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. पण ज्या दगडावर ओवी गायिली गेली त्याला धार देणारे हात आणि ज्यांना शासनाने एका शीर्षाखाली कोंबले ते समूह, यांचे नाते या विभागणीत हरवते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. या म्हणीतला देव सर्वांना दिसतो, घाव सोसणारा दगडही दिसतो. टाकी धरणारा मात्र वाक्यात कोठेच नाही.

म्हणून ओवीचा पाठ घेताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा, असे आम्ही सुचवितो: हे जाते शेवटचे कोणी टाकविले असेल? त्याचे उत्तर शोधू लागले की ते ओवीपासून 'उचल्या'पर्यंत आपोआप पोहोचतील.