जुना फ्लॅट घेताना रंगाआधी कागद पाहा

जळगाव किंवा धुळ्यात मोक्याच्या जागी घर हवे, पण नव्या इमारतीचा भाव परवडत नाही, अशा कुटुंबांची नजर पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या फ्लॅटकडे वळते. शाळा, दवाखाना, बाजार जवळ असतो आणि खोल्याही बहुधा ऐसपैस असतात. मात्र जुना फ्लॅट घेणारा केवळ चार भिंती घेत नसतो. इमारतीचे उरलेले आयुष्य आणि तिच्याखालच्या जमिनीवरील हक्कही तो विकत घेत असतो. आयुष्यभराची पुंजी गुंतवण्यापूर्वी हे दोन्ही तपासणे आवश्यक ठरते.

सोसायटी की अपार्टमेंट?

पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलेले असले तरी कायद्याने ती इमारत अपार्टमेंट असेलच असे नाही. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेत सभासदाला भागपत्र, म्हणजेच शेअर सर्टिफिकेट मिळते आणि जमीन संस्थेच्या नावे व्हावी लागते. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात आधी इमारतीचे घोषणापत्र नोंदवले जाते. त्यानंतर प्रत्येक फ्लॅटधारकाचे स्वतंत्र डीड होऊन त्याला जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो.

यांपैकी काहीच झालेले नसेल, तर खरी अडचण असते. हातात केवळ करारनामा आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बिल्डरचे अथवा मूळ जमीनमालकाचे नाव, अशी स्थिती पुनर्विकासाच्या वेळी रहिवाशांना महागात पडते. अशा इमारतींसाठी १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ते झाले आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारावा.

कागदांची साखळी

पहिल्या खरेदीपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सर्व नोंदणीकृत दस्त आणि सूची क्रमांक दोन सलग जुळले पाहिजेत. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जळगाव व धुळे या दोन्ही महानगरपालिका २००३ मध्ये अस्तित्वात आल्या. त्यामुळे त्याआधीच्या इमारतींची परवानगी नगरपालिकेच्या नावाची असणे स्वाभाविक आहे. गॅलरी बंदिस्त करून वाढवलेली खोली नकाशात नसेल, तर तिचे पैसे मोजताना विचार करावा.

मूळ मालक हयात नसेल, तर केवळ नामनिर्देशित व्यक्तीची सही पुरत नाही. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. वारसांचा हक्क कायम राहतो. अशा वेळी सर्व वारस दस्तात सामील असावेत.

इमारतीची प्रकृती

जपानमध्ये जुना फ्लॅट घेणारा इमारतीची परवानगी जून १९८१ च्या आधीची की नंतरची, हे आवर्जून पाहतो. कारण तेव्हापासून तेथे भूकंपरोधक बांधकामाचे कडक निकष लागू झाले. दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे, हेही तो विचारतो. आपल्याकडे ही सवय कमी दिसते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावयास हवी. तो अहवाल आणि संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहिल्यास पुढे किती वर्गणी भरावी लागेल, याचा अंदाज येतो.

खान्देशातील उन्हाळा लक्षात घेता वरच्या मजल्याचा फ्लॅट भर दुपारी पाहावा. स्लॅबची गळती मात्र पावसाळ्यातच कळते. नळाला रोज पाणी येईलच असे नसल्याने जमिनीखालची टाकी, कूपनलिका आणि मोटारीची अवस्था तपासावी.

किमतीपलीकडचा खर्च

मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या दरपत्रकानुसार येणारे मूल्य, यांपैकी जास्त असलेल्या रकमेवर आकारले जाते. महापालिका क्षेत्रातील सोसायटीला हस्तांतरणासाठी २५ हजार रुपयांहून अधिक अधिमूल्य घेता येत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल आणि देखभाल वर्गणी यांची थकबाकी नसल्याचे लेखी घ्यावे. विक्रेत्याचे गृहकर्ज असल्यास मूळ कागद बँकेतच असतात. ते फेडल्याचा दाखला हाती आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये.

भिंतींना नवा रंग चार दिवसांत देता येतो, पण जमिनीच्या उताऱ्यावरील नाव बदलण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. म्हणून बयाणा देण्यापूर्वी हा उतारा पाहिलेला बरा.