चित्त्याच्या कुळाचा इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, सनदा, शिलालेख, नाणीं आणि परकीय प्रवाशांचीं वृत्तें एवढींच आमच्या डोळ्यांपुढें येतात. आयुष्याचीं बरींच वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविण्यांत घालविल्यावर या यादींत आणखी एका साधनाची भर घालावी लागेल असें आम्हांस वाटलें नव्हतें. तें साधन म्हणजे जनावराचें रक्त. ज्या प्राण्यास लिहितां येत नाहीं, ज्याची वंशावळ कोणा भाटानें राखली नाहीं, त्याच्या कुळावर हजारों वर्षांपूर्वीं ओढवलेला प्रसंग त्याच्या रक्ताच्या चार थेंबांवरून सांगतां येतो, ही गोष्ट गेल्या कांहीं दशकांत सिद्ध झाली आहे. चित्त्याच्या उदाहरणानें ती वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ एका बादशहाच्या टिपणापासून करणें सोयीचें होईल. जहांगीर बादशहानें 'तुझुक-इ-जहांगिरी' या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे कीं, आपल्या वडिलांनीं एके काळीं एक हजार चित्ते जमविले होते. त्यांची वीण व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु ती कधींच सफळ झाली नाहीं. पुढें जहांगिराच्याच कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला व तिला तीन पिलें झालीं, तेव्हां बादशहास तें मुद्दाम नोंदण्याजोगें नवल वाटलें. बंदिवासांतील चित्तीण व्याल्याची यानंतरची नोंद मिळते ती एकदम १९५६ सालची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतली. मध्यंतरीं सुमारें ३४० वर्षें लोटलीं. याचा परिणाम उघड आहे. राजेरजवाड्यांचा शिकारी चित्ता पिढ्यान् पिढ्या रानांतूनच धरून आणावा लागे, आणि दरबारांत आलेला प्रत्येक चित्ता रानाच्या शिल्लकेंतून वजा होई. रानें ओस पडूं लागलीं तेव्हां, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, आमच्या कोल्हापुरासारख्या संस्थानांनीं काळविटाच्या शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले. १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या महाराजांनीं तीन चित्ते मारले, आणि १९५२ सालीं हा प्राणी देशांतून नामशेष झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

अकबरास न सुटलेलें हें कोडें १९८० नंतर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांतील मिचेल बुश व डेव्हिड विल्ड्ट यांनीं हातीं घेतलें. दक्षिण आफ्रिकेंतील चित्त्यांचें वीर्य तपासतां त्यांतील शुक्रजंतूंची संख्या पाळीव मांजराच्या मानानें एकदशांश, व त्यांपैकीं शेंकडा ७१ सदोष, असें त्यांस आढळून आलें. या शोधांत त्यांस साह्य लाभलें तें स्टीफन ओब्रायन यांचें. १९४४ सालीं जन्मलेले हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरीलंडमधील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत मांजरांच्या जनुकांचा अभ्यास करीत होते. रोगाची उकल करितां करितां ते प्राण्यांच्या पूर्वेतिहासाकडे वळले.

त्यांची रीत थोडक्यांत सांगतां येईल. रक्तांतील प्रथिनें खळीसारख्या थरावर ठेवून त्यांतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे प्रत्येक प्रथिन आपापल्या विद्युद्भाराप्रमाणें कमीअधिक सरकतें. दोन जनावरांच्या जनुकांत भेद असेल तर पुष्कळदां त्यांचीं प्रथिनेंही निरनिराळ्या ठिकाणीं थांबतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत असे भेद सहज सांपडतात. ओब्रायन यांनीं ५५ चित्त्यांच्या रक्तांत ४७ स्थानीं असा शोध केला; एकाही स्थानीं भेद मिळाला नाहीं. हा निष्कर्ष १९८३ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

परंतु खरा शास्त्रज्ञ एका पुराव्यावर निवाडा करीत नसतो. एका मनुष्याची त्वचा दुसऱ्यास लाविली तर शरीर तिला परकी समजून टाकून देतें; एकरूप जुळीं भावंडें तेवढीं याला अपवाद. ओब्रायन व त्यांचे सहकारी यांनीं परस्परांशीं नातें नसलेल्या चित्त्यांत त्वचेच्या तुकड्यांची अदलाबदल केली. असे चौदा तुकडे त्यांच्या शरीरांनीं आपलेच म्हणून स्वीकारले. मांजराची त्वचा मात्र त्याच शरीरांनीं टाकून दिली. म्हणजे परकें ओळखण्याची शक्ति शाबूत होती. दुसऱ्या चित्त्याचें कातडेंच तिला परकें वाटलें नाहीं! १९८५ सालीं प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों.

याची उपपत्ति अशी. मोठें सैन्य अरुंद खिंडींत सांपडावें व पलीकडे मूठभर माणसेंच पोंचावीं, तसें कांहीं चित्त्याच्या कुळाचें झालें असावें. पुढें त्या मूठभरांची प्रजा हजारोंनीं वाढली, तरी तिच्यांत तेवढ्याच घराण्यांचीं आडनांवें उरणार. २०१५ सालीं चित्त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें, त्यावरून अशा दोन खिंडींचें अनुमान निघतें. एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वींची, व दुसरी हिमयुगाच्या अखेरची, सुमारें १२,००० वर्षांपूर्वींची. अकबराच्या हजार चित्त्यांस हा वारसा त्याच्या जन्मापूर्वीं कित्येक सहस्रकें मिळून चुकला होता.

अशा दारिद्र्यानें काय बिघडतें, असें वाचक विचारतील. १९८२-८३ च्या सुमारास ओरेगॉन प्रांतांतील एका प्राणिसंग्रहोद्यानांत मांजरांस होणाऱ्या एका विषाणुजन्य उदररोगाची सांथ आली. पाळीव मांजरांत या रोगानें दगावणारांचें प्रमाण थोडें असतें. तेथील चित्ते मात्र निम्म्याहून अधिक मेले. सर्वांच्या दारास एकच कुलूप असलें म्हणजे चोरास एक किल्ली पुरते.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९४ सालीं टिम कॅरो व कॅरन लॉरेन्सन यांनीं या मतास हरकत घेतली. सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशांत चित्त्याचीं बहुतेक पिलें सिंहादि हिंस्र पशूंच्या तोंडीं पडतात. जनुकांच्या दोषानें मरतात असें दिसत नाहीं. शिवाय कांहीं संग्रहालयांत नरमाद्यांची ठेवण सुधारतांच वीणही सुधारली. तेव्हां अकबराचें अपयश सर्वस्वीं रक्ताच्या माथीं मारणें बरोबर नव्हे. बंदिवासाच्या रीतीसही त्यांत वांटा होता. ही हरकत आम्हांस मोलाची वाटते. जनुकें सदोष, मग आमचा उपाय काय, असें म्हणून रानांची हेळसांड करणारांस त्यांत उत्तर आहे. परंतु तिनें पहिला पुरावा खोटा ठरत नाहीं. आजचा मृत्यु सिंहाच्या जबड्यांत असेल; उद्याच्या सांथीशीं गांठ मात्र जनुकांनाच घालावयाची आहे.

त्याचें प्रत्यंतर फ्लोरिडांत मिळालें. तेथील प्यूमा १९९० च्या सुमारास अवघे वीस-तीस उरले होते; जवळच्या नात्यांतील संबंधांमुळें त्यांचीं शेपटें वांकडीं व हृदयें सदोष झालीं होतीं. १९९५ सालीं टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पुढील काळांत त्यांची संख्या सुमारें तिप्पट झाली व दोष घटले, असें ओब्रायन व इतरांनीं २०१० सालीं दाखवून दिलें. वंशावळ शोधण्याचेंही काम याच विद्येनें केलें. मोठा पांडा अस्वलांच्या कुळांतला, हें ओब्रायन यांनीं १९८५ सालीं ठरविलें. चित्त्याचा जवळचा भाऊबंद सिंह किंवा वाघ नसून प्यूमा आहे, हें जनुकांच्या ताळ्यावरूनच पक्कें झालें.

आमच्या देशास हा विचार दोन ठिकाणीं येऊन भिडतो. १९८७ सालीं गीरच्या सिंहांच्या रक्तांतही असेंच दारिद्र्य आढळलें. ते सारे एकाच रानांत एकवटले असल्यानें त्यांपैकीं कांहीं अन्यत्र हलवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला. स्थळ ठरलें होतें मध्य प्रदेशांतील कुनो. त्याच कुनोंत २०२२ सालीं नामिबियांतून ८ व २०२३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतून १२ चित्ते आले. मुघलांच्या दरबारांतले चित्ते आशियाई शाखेचे होते. ही शाखा आफ्रिकेच्या चित्त्यांपासून हजारों वर्षांपूर्वीं फुटली, आणि आज ती इराणांत अगदीं थोडी उरली आहे. म्हणून कुनोंतील पाहुण्यांस गेलेल्या कुळाचे वारस म्हणण्यापेक्षां दूरचे भाऊबंद म्हणणें इतिहासास धरून होईल.

त्यांनीं येथें सुखानें नांदावें, अशीच आमची इच्छा आहे. परंतु आमच्या मनांत एक विचार राहून राहून येतो. राज्य गेलें तर परत मिळवितां येतें, ग्रंथ जळला तर कोठें तरी त्याची प्रत सांपडते. एका कुळाच्या रक्तांतील नानाविधता मात्र एकदां गेली म्हणजे ती परत जमावयास हजारों पिढ्या लागतात. बारा हजार वर्षांपूर्वींची खिंड चित्त्यावर निसर्गानें आणली. १९४७ ची गोळी मनुष्यानें झाडली. पहिलीचा दोष कोणास देतां येत नाहीं. दुसरीचा हिशेब इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये.