तबकडीचा वेग आणि शिकणारा कान

हाताने चावी द्यायच्या ग्रामोफोनची चावी संपत आली की गाणे लांबत, खाली घसरत जायचे. मुलांना त्याचे हसू येई. त्या घसरणीत ध्वनिशास्त्राचा एक चांगला धडा आहे, म्हणून तिचा थोडा इतिहास पाहू.

आपल्याकडे गौहरजान यांच्या तबकड्या 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झाल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गुरूगृही वर्षानुवर्षे राहून मिळणाऱ्या विद्येचा एवढा तुकडा आता कोणालाही विकत मिळू लागला, आणि तोही हवा तितक्या वेळा ऐकायला! अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे असे बाजारात आलेच नाही. मिरजेचे अब्दुल करीमखाँ मात्र तबकडीतून घरोघर पोचले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकूनच लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला. बेळगावजवळच्या सुळेभावीला 1924 मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व तर बालवयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत. हुबेहूब म्हणणे वेगळे आणि समजून म्हणणे वेगळे. त्यासाठी त्यांना मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकावेच लागले.

असा कान सर्वांना नसतो. तानेत सेकंदाला आठ स्वर आले तर आपल्यासारख्यांना नुसती सळसळ ऐकू येते. मग तबकडी हळू फिरवली तर? खाचेतली लाट सुईखालून सावकाश सरकते, म्हणजे दर सेकंदाची कंपने घटतात आणि स्वर उतरतो. मिनिटाला 78 ऐवजी सुमारे 73.6 फेरे झाले, तर काळी एकचे गाणे पांढरी एकमध्ये येते. शेजारची पेटी लगेच बेसूर वाटू लागते.

पुढे चार वेगांचे रेकॉर्डप्लेअर आले: 16, 33, 45 आणि 78. यातले पहिले दोन नेमके सांगायचे तर 16⅔ आणि 33⅓, म्हणजे बरोबर निम्मे-दुप्पट. लाँगप्ले तबकडी 16 वर लावली की 440 कंपनांचा स्वर 220 चा होतो. सारे गाणे पुरे एक सप्तक खाली येते, पण पेटीशी जुळते. परदेशात गिटार शिकणाऱ्या कित्येकांनी हीच युक्ती वापरली. बाईचा आवाज पुरुषी होतो खरा, पण मींड कशी गेली ते स्पष्ट कळते.

कॅसेटने मात्र एक दिले आणि एक काढून घेतले. टेप मागे-पुढे करून एकच ओळ पन्नासदा ऐकता येई, पण साध्या यंत्राचा वेग ठरलेला. लग्नसराईतले बँडवाले, जालन्याचे असोत वा परभणीचे, नवी गाणी अशीच एकेक ओळ उचलून बसवत. हे काम सोपे नाही, याची दखल संगीताच्या पुस्तकांनी फारशी घेतलेली नाही.

स्वर न उतरवता वेग कमी करायचा, तर ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांश लांबीचे तुकडे करून त्यांतले काही पुन्हा वाजवावे लागतात. इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स व सहकाऱ्यांनी 1954 मध्ये फिरत्या चुंबकीय शीर्षांनी हे साधले. आता तेच काम संगणक आणि मोबाइल गणिताने करतात.

वर्गात तबल्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाव वेगाने लावून पाहा. सलग आस नीट लांबते, पण थाप अनेकदा फाटते किंवा दुहेरी ऐकू येते: थापेचा क्षणच ज्या तुकड्यात सापडला, तो तुकडा पुन्हा वाजलेला असतो.